ड्राइव्ह-इनमधले पादचारी

ज्या हॉटेलाची सगळी मांडणी मोटारीतून न उतरणाऱ्या गिऱ्हाइकासाठी केलेली होती, त्याच हॉटेलात आम्ही पाच जणांनी मिसरूड फुटल्यापासून ते नीट भादरता येईपर्यंतचा काळ काढला. आमच्यापैकी चौघांच्या घराण्यात तोवर कुणी मोटार घेतलेली नव्हती, घ्यायचा विचार केल्याचीही नोंद नव्हती. पाचव्याच्या घरी मोटार होती. ती स्वतःहून कुठं येत नसे, त्यामुळे या लेखातही तिला पुढं मलाच आणावं लागेल.

हॉटेलाचं नाव वुडलँड्स ड्राइव्ह-इन. गाव मद्रास, कारण तेव्हा ते मद्रासच होतं. जेमिनी फ्लायओव्हरवरून उतरून कॅथीड्रल रोडला लागलं की थोडं पुढं अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची झाडी यायची. ही सोसायटी 1835 सालची. राणीच्या राज्याआधीपासून लोक तिथं झाडं लावत आले होते, आणि 1962 साली त्या झाडांखाली इडली आली. आत शिरलं की उन्हाचा कडाका चार पावलांत उतरायचा. मद्रासमध्ये एवढ्यावरच माणूस एखाद्या जागेच्या प्रेमात पडतो. त्यापुढं मिळणारी कॉफी म्हणजे निव्वळ नफा.

मोटारीत बसून खायची कल्पना अमेरिकेची. 1921 साली टेक्ससमध्ये, डॅलसजवळच्या हमरस्त्यावर ‘पिग स्टँड’ नावाचा ठेला निघाला. काय विकत असतील ते नावातच आलं. ही कल्पना चाळीस वर्षं हिंडत हिंडत मद्रासला पोचली आणि उडुपीकडच्या एका गावातून आलेल्या के. कृष्ण राव यांच्या हाती लागली. या गृहस्थांचं पहिलं वुडलँड्स 1938 साली रॉयापेट्ट्यात एका जुन्या बंगल्यात निघालं होतं. बंगल्याचं नाव वुडलँड्स, तेच हॉटेलाला चिकटलं. त्यांनी या अमेरिकन कल्पनेला आंघोळ घातली, जानवं घातलं, कपाळाला गंध लावलं आणि सांबाराच्या पंगतीला बसवलं.

घोटाळा झाला तो तिथंच. अमेरिकनाचं सँडविच कागदात गुंडाळलेलं असतं. एका हातात सुकाणू, एका हातात सँडविच, काम भागलं. सांबार ही वस्तू मोटारीत बसून खाण्यासाठी निर्माणच झालेली नाही. ते पातळ असतं, गरम असतं, आणि त्याला उताराची फार ओढ असते.

अँबॅसॅडर येऊन झाडाखाली थांबली की आमचा खेळ सुरू व्हायचा. पांढऱ्या कपड्यातला सर्वर यायचा, काच अर्धी खाली करायला लावायचा आणि तिच्या कडेला ट्रे अडकवून जायचा. आत कुटुंब सात जणांचं. ट्रे वडिलांच्या बाजूला. आता वडील हे त्या घरातले अन्नमंत्री. त्यांनी डोसा उचलायचा, डाव्या बाजूला आईकडे द्यायचा, आईनं मान न वळवता तो मागं द्यायचा, मागच्या सीटवर त्याचे चार तुकडे व्हायचे, आणि सगळ्यात धाकट्याच्या हाती नुसती चटणी लागली की भोकाड. आजोबा पुढच्या सीटवर मध्ये, गिअरच्या दांड्याला गुडघा लावून, आपली वाटी छातीशी धरून बसलेले. या सगळ्यात वडिलांना हसता यायचं नाही, कारण हसलं की ट्रे हलायचा. रागावता तर मुळीच यायचं नाही. घरी आरडाओरडा करणारी किती तरी माणसं त्या झाडांखाली अर्धा-अर्धा तास संतासारखी बसलेली मी पाहिली आहेत.

आणि एवढं करून शेवटी हात धुवायचे असतातच. मोटारीतून उतरायचं नाही म्हणून ज्यांनी हा खटाटोप केला, ते सातही जण बोटं पसरून, कोपर वर करून, एकामागून एक खाली उतरायचे आणि नळाकडे चालू लागायचे. तिथं कृष्ण रावांनी अमेरिकेवर पूर्ण विजय मिळवला होता असं माझं मत आहे.

आम्हा पायदळासाठी आत टेबलं-खुर्च्या होत्या. तिथून हा सगळा देखावा फुकट दिसायचा.

मी मद्रासला कसा, हे सांगायला हवं. बाबा पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत. 1955 पासून रेल्वेचे डबे करणारा तो कारखाना. देशाला अख्खे डबे पुरवणाऱ्या माणसाच्या घरात वाहन म्हणून एक सायकल होती आणि तिलाही मागं कॅरियर नव्हतं. पण पेरांबूरहून 29सी नंबरची बस निघायची ती शहर उभं चिरत बेझंटनगरच्या समुद्रापर्यंत जायची. वाटेत नुंगंबाक्कम, जेमिनी, आणि मग स्टेला मॅरिस कॉलेज. स्टेला मॅरिस मुलींचं. त्यामुळे 29सीमध्ये, ज्यांचं वाटेत कुठंही काही काम नाही अशा तरुणांची संख्या लक्षणीय असे. आम्हाला मात्र काम होतं. आम्ही कॉफी प्यायला चाललेलो असू.

आईला हे कधी पटलं नाही. ती साताऱ्याची. घरात बसायला जागा असताना बाहेर बसायला पैसे का द्यावे, हा तिचा साधा हिशेब.

“चार-चार तास करता काय रे तिथं?”

“बसतो.”

“मग इथं बस. मी देते कॉफी.”

यावर बाबा वर्तमानपत्रामागून म्हणायचे, “अगं, तू कॉफी देशील, पण लगेच नारळही खवायला देशील. तिथं तेवढंच बरं.”

‘बसतो’ हे उत्तर मात्र अगदी खरं होतं. सोळा-सतराव्या वर्षी माणसाला सगळ्यात मोठी गरज असते ती आपण बसलेले असताना ‘उठ’ असं कुणी न म्हणण्याची. शाळेत उभं करतात, घरी उठवतात, बसमध्ये वयानं मोठं कुणी आलं की आपणच उठतो. वुडलँड्समध्ये कुणी उठवत नसे. आमचा सर्वर पन्नाशीचा, उडुपीकडचा. आमची ऑर्डर ठरलेली: “रेंडु कापी, अंजु टंबलर.” दोन कॉफ्या, पाच पेले. पहिल्यांदा ऐकल्यावर त्यानं आम्हा पाचांकडे एकेक करून पाहिलं, गेला, आणि पाच पेले घेऊन आला. पुढं कधी विचारलंसुद्धा नाही. डबरा म्हणजे पेल्याखालची रुंद वाटी. डबऱ्यातून पेल्यात, पेल्यातून डबऱ्यात, हातभर उंचीवरून कॉफी ओतत आम्ही ती फेस आणून वाढवायचो. दोन कॉफ्यांचा फेस पाच जणांत नेमका सारखा वाटणं, हे आमच्यातल्या एकाचं खास काम. तो पुढं चार्टर्ड अकाउंटंट झाला.

अमेरिकेचं आमचं ज्ञान सगळं आर्ची कॉमिक्समधलं. लॉइड्स रोडवरच्या ईश्वरी लेंडिंग लायब्ररीतून भाड्यानं आणलेले ते अंक इतक्या हातांतून गेलेले असत की पानांना स्वतःचा वास आलेला असे. त्यात आर्चीची खटारा गाडी होती, पॉप टेटचं दुकान होतं, दोन मुली एकाच मुलाच्या मागं होत्या. आमच्याकडे दुकान होतं. बाकी दोन बाबतींत आम्ही मागं होतो.

मुलींबाबत एकदाच प्रगती झाली. शेजारच्या टेबलावर स्टेला मॅरिसच्या सहा जणी आल्या, खुर्च्या पाच. त्यांतली एक आमच्याकडे आली आणि म्हणाली, “ही खुर्ची कुणाची आहे का?” खुर्चीत आमचा मैलापूरवाला बसलेला होता. तो म्हणाला, “नाही.” आणि उठला. ती खुर्ची घेऊन गेली. हा पुढचा तासभर हातात डबरा घेऊन खांबाला टेकून उभा. ती काय म्हणाली, तो काय म्हणाला, त्याचा आवाज कसा निघाला, यावर आम्ही पुढं महिनोन्‌महिने चर्चा केली. तिच्या बाजूनं पाहिलं तर तिला फक्त एक खुर्ची मिळाली होती.

आता मोटार आणतो. आमच्यातल्या एकाच्या वडिलांकडे स्टँडर्ड हेराल्ड होती, खुद्द मद्रासला बनलेली, दोन दारांची. वडील दिसायला मवाळ, पण गाडीच्या बाबतीत जमदग्नी. ते एकदा तिरुपतीला गेले आणि किल्ली घरी राहिली. इतकी वर्षं ड्राइव्ह-इनमध्ये आपण चालत जातो, एकदा तरी रीतसर जाऊ, असं ठरलं. गाडी गोपालपुरमपर्यंत आली. तिथं तिनं दोन उचक्या दिल्या आणि थांबली. हेराल्डचं बॉनेट एक वेगळंच प्रकरण होतं. ते पुढच्या मडगार्डांसकट अख्खंच्या अख्खं पुढच्या बाजूला उघडायचं, आणि आतलं सगळं यंत्र लाज सोडून समोर यायचं. आम्ही पाचही जण वाकून पाहत राहिलो. कुणाला काही कळत नव्हतं, पण बॉनेट एवढं मोठं की पाहायला प्रत्येकाला स्वतंत्र जागा होती.

शेवटी ढकलत नेली. एक जण सुकाणूवर, चौघं मागं. फाटकातून आत शिरताना राखणदारानं हात उंचावून सलाम केला, तो गाडीला होता की आम्हाला, हे सांगता येत नाही. झाडाखाली लावली, घाम पुसला, आणि पाचही जण शिस्तीत आत बसलो. आमचा सर्वर आला. आम्हाला मोटारीत पाहून त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, पण ट्रे आणायला जाताना तो नेहमीपेक्षा हळू चालला हे मला पक्कं आठवतं.

दोन दारांच्या गाडीत मागच्या काचा खाली होत नाहीत. म्हणजे ट्रे फक्त पुढं. मागं आम्ही तिघं. सांबार-वड्याची वाटी पुढच्याच्या खांद्यावरून मागं आली, आणि नेमकी त्याच वेळी फांदीवरच्या कावळ्यानं ट्रेमधला बोंडा उचलला. पुढचा ओरडला, मागचा दचकला, आणि सांबार त्याच्या ओढीप्रमाणे उताराला लागलं. हेराल्डची मागची सीट फिकट रंगाची होती. नंतर लिंबू, साबण, चंदनाची उदबत्ती असे सगळे उपाय झाले. तिरुपतीहून परतल्यावर वडिलांनी गाडीचं दार उघडलं, एक दीर्घ श्वास घेतला आणि विचारलं, “गाडीला हिंग कुणी घातला?” त्यानंतर ती किल्ली देवघरात गेली. आम्ही पुन्हा 29सी आणि पायदळ.

त्या टेबलावर आमची भांडणं व्हायची ती मात्र उच्च दर्जाची. आमच्यात एक तंजावरी मराठी होता. व्यंकोजीराजांबरोबर त्याचे पूर्वज खाली उतरले ते तिथंच राहिले. घरी मराठी बोलायचे, तीनशे वर्षांपूर्वीची, तमिळ हेल लावलेली. मी पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या आजीनं माझं दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि नातवाला विचारलं, “ह्याला मराठी कुणी शिकवली? बरी बोलतो.” तर याचं म्हणणं असं की सांबार मूळ मराठ्यांचं. तंजावरला शाहूजीराजांच्या मुदपाकखान्यात संभाजीमहाराजांच्या नावावरून ते जन्मलं, अशी आख्यायिका आहेच. मैलापूरवाल्याचं म्हणणं, असल्या आख्यायिका रिकाम्या पोटी सुचतात. मग दोघं मिळून सर्वरकडे न्याय मागायचे. तो उडुपीकडचा. तो म्हणायचा, “सांबार कुणाचं ते मला माहीत नाही. बिल तुमचं.” एकदा मी रजनीकांत मूळचा गायकवाड आहे हा हुकमाचा पत्ता टाकला. टेबलावर क्षणभर शांतता पसरली, आणि मग चौघांनीही, तंजावरी धरून, मी काही बोललोच नाही असं ठरवून पुढचा विषय काढला.

आमच्याखेरीज तिथं तळ ठोकून असायचे ते मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. उन्हातान्हात टाय लावलेली ही माणसं जाड चामडी बॅगा झाडाला टेकवून बसायची आणि त्या दिवशी कुठल्या कुठल्या डॉक्टरांना भेटलो त्याचा अहवाल लिहायची. एका कॉफीत पाच-पाच डॉक्टर उरकताना मी पाहिलेत. मोठेपणी आपण हेच व्हायचं असं आमच्यातल्या दोघांनी तेव्हा ठरवलं होतं. औषधात रस होता असं नाही.

पुण्याचा मामेभाऊ एकदा सुट्टीत आला. ड्राइव्ह-इनला जाऊ म्हटल्यावर नवा शर्ट घालून तयार. तिथं बसला, डोसा खाल्ला, कॉफी प्याला, आणि घड्याळात पाहून म्हणाला, “पडदा कुठल्या बाजूला आहे?” त्यानं वांद्र्याच्या ड्राइव्ह-इन थिएटरबद्दल ऐकलं होतं. मोटारींकडे तोंड करून त्यानं आणखी पाऊण तास वाट पाहिली. समोर अँबॅसॅडरमधलं कुटुंब वडा वाटून घेत होतं. निघताना म्हणाला, “चित्रपट बरा होता.” माझ्या मामेभावाबद्दल मला तेव्हापासून आदर आहे.

सगळ्यात मोठा खर्च झाला डिसेंबर 1983 मध्ये. महिना महत्त्वाचा होता: पहिल्या मारुती 800च्या किल्ल्या वाटल्या गेल्या, आणि चेपॉकवर वेस्ट इंडीज आली. गावस्करचं तिसावं शतक व्हायचं होतं, ते झालं की ब्रॅडमन मागं पडणार. या डावात तो सलामीला आलाच नाही, चौथ्या क्रमांकावर येणार होता. आम्ही वुडलँड्समध्ये ट्रान्झिस्टर कानाला लावून. मार्शलनं शून्यावर दोन गडी काढले. गायकवाड आणि वेंगसरकर. मैलापूरवाल्यानं ट्रान्झिस्टर खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, “दोन शून्यं, दोन्ही मराठी. दोन कॉफ्या मागवा.” मागवल्या. पैसे मी आणि तंजावरी यांनी दिले. तंजावरीला आपण मराठी असल्याचं इतकं दुःख त्याआधी कधी झालं नसावं. चौथ्या क्रमांकावर आलेला गावस्कर अशा रीतीनं शून्यावरच मैदानात उतरला, आणि मग 236 काढून नाबाद राहिला.

शतक झालं त्या क्षणी तंजावरी टेबलावर चढला आणि त्यानं सगळ्यांना पार्टी जाहीर केली. सगळ्यांना म्हणजे आम्हा पाचांना. पण जाहीर करताना त्याचा आवाज मोठा होता, त्यामुळे शेजारच्या टेबलावरचे तीन मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह खुर्च्या ओढून आले. छोले-भटुरे, रवा डोसा, शेवटी प्रत्येकी अख्खी कॉफी. बिल आलं तेव्हा मराठी सत्तेची तिजोरी उघडी पडली. हेराल्डवाल्यानं शाळेची फी म्हणून घरून मिळालेल्या पैशातून ते भागवलं.

2008 साली सरकारनं ती जागा परत घेतली आणि ड्राइव्ह-इन बंद झालं. 2010 मध्ये तिथं बाग उघडली, सेम्मोळी पूंगा. तमिळला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याच्या सन्मानार्थ ते नाव. बाग चांगली आहे, माझी तक्रार नाही. पण मराठीला 2024 साली तो दर्जा मिळाला तेव्हा सगळे पेढे वाटत होते आणि मला मात्र पुण्यातल्या मिसळीच्या हॉटेलांची काळजी लागली होती.

बंद झालेल्या हॉटेलाची एक गंमत असते. तिथला डोसा दरवर्षी थोडा लांब होतो. आमच्यातल्या एकाच्या आठवणीतला तर आता ताटाबाहेर दोन्हीकडे वीतभर लोंबतो. न्यू जर्सीला राहणारा सांगतो की तसली कॉफी जगात कुठं मिळत नाही. त्याला मी आठवण करून देतो की त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा फेसच यायचा.

मागच्या वर्षी पाचही जण चेन्नईत जमलो. पाच जण, पाच मोटारी, तीन ड्रायव्हर. मॉलमधल्या एका थंडगार हॉटेलात जागा धरली होती. गाडी लावायला खाली दोन मजले गोल गोल फिरावं लागलं, आणि शेवटचा आला तोवर पहिल्याची साखरेची गोळी घेऊन झाली होती. वेटर विशीतला, चुणचुणीत. मैलापूरवाल्यानं हौसेनं ऑर्डर दिली, “रेंडु कापी, अंजु टंबलर.” पोरानं टॅब्लेटवर बोट फिरवलं आणि म्हणाला, “सर, पाचच घ्या. पाच घेतल्या तर केक फ्री आहे.”

केक कुणाला चालणार नव्हता, म्हणून आला आणि तसाच राहिला. बिल आल्यावर चार्टर्ड अकाउंटंटनं सवयीनं ते ओढून घेतलं. पण हेराल्डवाल्यानं त्याचं मनगट धरलं.

“थांब. आधी डिसेंबर 83चं बघ. व्याजासकट.”

“किती व्हायचं?”

“चक्रवाढ लाव. हे आजचं बिल, ड्रायव्हरांचं जेवण आणि याचं न्यू जर्सीचं तिकीट, सगळं त्यात बसेल.”

मी तंजावरीकडे पाहिलं, तंजावरीनं माझ्याकडे. मग त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि आजीच्या तीनशे वर्षं जुन्या मराठीत नव्हे तर स्वच्छ पुणेरीत म्हणाला, “देतो की. पण त्यातून वेंगसरकरची आणि गायकवाडची कॉफी वजा कर. ती आम्ही रोख दिली होती.”